गोदावरीचे दोन मासे आणि लिंगबदलाचा शोध

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील माशांची वस्ती पालटली, आणि त्या पालटाची सर्वांत ठळक खूण म्हणजे चिलापी. शास्त्रीय ग्रंथांत तिलापिया या नावाने येणारा हा मासा मूळचा आफ्रिकेचा. परंतु नाशिक परिसरातील धरणे, बंधारे आणि नदीचे संथ डोह यांत तो इतका रुळला आहे की त्याच्या परकेपणाची आठवण ना विकणाऱ्याला राहिली आहे, ना घेणाऱ्याला. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली हीच नदी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळते, आणि तिथल्या खाऱ्या-गोड्या पाण्याच्या खाड्यांमध्ये एक निराळाच मासा राज्य करतो. तेलुगू भाषक त्याला पंडुगप्पा म्हणतात. रायगडच्या खाड्यांमध्ये तोच मासा जिताडा म्हणून मानाने पानात वाढला जातो. चिलापी आणि जिताडा यांचे कूळ वेगळे, स्वभाव वेगळा, बाजारातील भावही वेगळा. तरीही माशाचे लिंग कसे ठरते आणि ठरलेले लिंग कसे पालटते, या प्रश्नाच्या इतिहासात हे दोघे शेजारी उभे आहेत. पहिल्याने माणसाला माशाचे लिंग मुद्दाम बदलण्याची गरज भासवली, दुसऱ्यात तो बदल निसर्गतःच घडत असल्याचे उघड झाले, आणि या दोन शोधवाटा साठेक वर्षे एकमेकींपासून दूर चालून अखेर एकाच रासायनिक क्रियेपाशी येऊन मिळाल्या.

चिलापीची भारतातील कथा १९५२ पासून सुरू होते. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात बँकॉकहून मोझांबिक तिलापिया या जातीचे मासे तमिळनाडूतील मंडपम येथे आणले गेले. तेथे १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था होती, आणि देशापुढचा अन्नाचा प्रश्न इतका निकडीचा होता की कमी खर्चात, कोणत्याही डबक्यात, कसल्याही खाद्यावर वाढणारा मासा हे वरदान वाटावे यात नवल नव्हते. या माशाची मादी फलित अंडी तोंडात धरून उबवते आणि पिले पोहू लागली तरी संकटाच्या वेळी त्यांना पुन्हा तोंडात घेते, त्यामुळे पिलांची मरतूक फार कमी होते. शिवाय हा मासा जन्मानंतर दोन-तीन महिन्यांतच, जेमतेम बोटभर लांबीचा असताना प्रजननक्षम होतो आणि उबदार पाण्यात वर्षातून अनेक वेळा पिले देतो. ज्या गुणांमुळे त्याचे स्वागत झाले, त्याच गुणांनी पुढे त्याला अपेशी ठरवले. तळ्यात सोडलेल्या काही जोड्यांपासून काही महिन्यांत हजारो पिले होत, त्या गर्दीत अन्न पुरेनासे होई, मासे खुरटत, आणि जाळ्यात येई तो विकण्याजोगा मासा नसून मूठमूठभर चिंगळ्या असत. कटला, रोहू, मृगळ या देशी माशांच्या अन्नावरही हा पाहुणा हात मारू लागला. १९५९ मध्ये भारताच्या मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. मासा मात्र कागदावरची बंदी जाणत नव्हता. कालव्यांतून, पुरांतून आणि माणसांच्या हातांनी तो पसरत राहिला. भीमेवरील उजनीच्या जलाशयात त्याने वर्चस्व मिळवले, आणि गोदावरीच्या खोऱ्यातही तो कायमचा वस्तीला आला.

हा प्रश्न एकट्या भारताचा नव्हता. आग्नेय आशियात जावा बेटापासून मलायापर्यंत तळ्यातळ्यांतून हीच खुरटलेली गर्दी दिसत होती, आणि मत्स्यशास्त्रज्ञांना तोडग्याची दिशाही दिसत होती. चिलापीचा नर मादीपेक्षा लवकर आणि अधिक वाढतो, कारण मादीची शक्ती अंडी बनवण्यात खर्च होते आणि अंडी तोंडात असताना ती जवळजवळ उपाशी राहते. तळ्यात फक्त नर असतील तर प्रजनन थांबेल आणि वाढही भरघोस होईल. परंतु पिलाच्या वयात नर-मादी ओळखणे कठीण असते आणि हजारो मासे एकेक करून निवडणे हे काम जिकिरीचे. तेव्हा सगळी पिले नरच निपजावीत अशी युक्ती हवी होती, आणि तिच्यासाठी माशाचे लिंग मुळात ठरते कसे हे कळणे भाग होते.

त्या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर जपानमध्ये तयार होत होते. मेडाका नावाचा भातखाचरांतला दोन-तीन सेंटिमीटरचा मासा तेथील संशोधकांनी पूर्वीपासून पाळला होता. तात्सुओ आयदा यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले होते की या माशाच्या अंगाचा रंग ठरवणारे एक जनुक, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारा घटक, लिंग ठरवणाऱ्या ‘वाय’ गुणसूत्रावर बसून बापाकडून मुलाकडे जाते. माणसाप्रमाणेच मेडाकामध्येही दोन ‘एक्स’ गुणसूत्रे असली की मादी आणि एक ‘एक्स’ व एक ‘वाय’ असली की नर, अशी मांडणी आहे. नागोया विद्यापीठातील तोकिओ यामामोतो यांनी या रंगाचा फार चतुराईने उपयोग केला. नारिंगी म्हणजे आनुवंशिक नर आणि पांढरी म्हणजे आनुवंशिक मादी, असे एक वाण त्यांनी वापरले. त्यामुळे मासा प्रत्यक्षात नर म्हणून वागो की मादी म्हणून, त्याच्या गुणसूत्रांची साक्ष त्याच्या कातडीवरच वाचता येत असे. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांना त्यांनी खाद्यातून लैंगिक संप्रेरके दिली. संप्रेरक म्हणजे शरीरातील एका ग्रंथीने रक्तात सोडलेले आणि दूरच्या अवयवाला आज्ञा देणारे रसायन. १९५३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की स्त्रीसंप्रेरक मिळालेली नारिंगी पिले अंडी घालणाऱ्या माद्या बनली, आणि १९५८ मध्ये याच्या उलट, पुरुषसंप्रेरक मिळालेल्या पांढऱ्या पिलांचे शुक्रजंतू देणारे नर बनले. या पालटलेल्या नरांचा साध्या माद्यांशी संयोग केला असता सर्व संतती मादीच निपजली, म्हणजे बापाकडे ‘वाय’ गुणसूत्र नव्हतेच याचा पुरावा पुढच्या पिढीने दिला. गुणसूत्रांचा हुकूम संप्रेरकाने उलटवता येतो, आणि उलटलेला मासा वांझ न राहता पुरता प्रजननक्षम असतो, ही गोष्ट माशांबाबत इतक्या निर्विवादपणे पूर्वी कोणी सिद्ध केलेली नव्हती. मात्र त्या प्रयोगांतून एक समजही घट्ट झाला: संप्रेरकाची ही सत्ता पिलाच्या कोवळ्या वयापुरतीच चालते, आणि जननग्रंथी एकदा अंडाशय किंवा वृषण म्हणून घडली की मेडाकासारख्या माशात पुढे काही बदलत नाही. या समजाला तडा जायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

यामामोतोंच्या प्रयोगांच्याच सुमारास मलाक्का येथील संशोधन केंद्रात सी. एफ. हिकलिंग यांच्या हाती एक अनपेक्षित गोष्ट लागली. जावाकडील चिलापीच्या माद्या आणि झांझिबारकडून आणलेल्या एका वाणाचे नर यांच्या संकरातून जवळपास सगळी पिले नर निघाली. हा शोधनिबंध १९६० मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये छापून आला, आणि हे नियतकालिक त्या वेळी कलकत्त्याहून निघत होते, कारण त्याचे संपादक जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून तेथील भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते. त्यांच्या पत्नी आणि सहकारी हेलन स्पर्वे यांनी त्याच १९५७ मध्ये गप्पी माशातील एक विलक्षण प्रकार नोंदवला होता: एकाच माशाच्या शरीरात अंडी आणि शुक्रजंतू दोन्ही तयार होऊन तो स्वतःच स्वतःची अंडी फलित करीत होता. मत्स्यलिंगाच्या इतिहासातील दोन महत्त्वाचे धागे असे हाल्डेन दांपत्यापाशी एकत्र आलेले दिसतात. हिकलिंग यांच्या संकराचा उलगडा पुढे झाला तो असा: जावाच्या वाणात मादी दोन ‘एक्स’वाली असते, तर झांझिबारच्या वाणात पक्ष्यांसारखी व्यवस्था असून तेथे नराकडे दोन ‘झेड’ गुणसूत्रे असतात, त्यामुळे प्रत्येक पिलाला एक ‘एक्स’ आणि एक ‘झेड’ मिळतो आणि या जोडीचा कौल नराच्या बाजूने पडतो. इतक्या जवळच्या दोन जातींत लिंग ठरवण्याच्या रीती परस्परविरोधी असाव्यात, हे सस्तन प्राण्यांच्या हिशेबाने अशक्यच वाटावे. माशांमध्ये ही रीत उत्क्रांतीच्या ओघात वारंवार बदलली आहे, याची ती पहिली मोठी सूचना होती.

मुंबईच्या बंदरातही तेव्हा याच प्रश्नाचा एक भाग उकलत होता. सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबईतील संशोधक बंदरावर उतरणाऱ्या माशांची मापे घेणे, पोट चिरून जननग्रंथी तपासणे, वय आणि वाढ यांचे कोष्टक मांडणे असे चिकाटीचे काम करीत होते. रावसाच्या कुळातील, गळ्याखाली सात मोकळे तंतू असलेला एक लहान मासा त्यांच्या तपासणीत वरचेवर येई. १९५९ मध्ये पी. डी. नायक यांनी आणि १९६० च्या दशकात पी. व्ही. कागवाडे यांनी या माशातील उभयलिंगित्वाची नोंद प्रसिद्ध केली. उभयलिंगी म्हणजे ज्याच्या जननग्रंथीत अंडाशयाची आणि वृषणाची, अशा दोन्ही प्रकारच्या ऊती एकत्र सापडतात असा. कागवाडे यांनी पुढे भारतातील या संपूर्ण कुळावर विस्तृत ग्रंथलेखन केले. माशांतील उभयलिंगित्वाला तोवर बहुधा विकृती किंवा दुर्मीळ चमत्कार म्हणून पाहिले जात असे. ते अनेक जातींच्या जीवनक्रमाचा नेहमीचा भाग आहे, हे जगभर विखुरलेल्या अशाच नोंदींमुळे पटत गेले. पुढे ऑस्ट्रेलियात या कुळाचा अभ्यास झाला, तेव्हा मराठी घरांत आवडीने खाल्ला जाणारा चार तंतूंचा रावसही आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, हे स्पष्ट झाले. मुंबईच्या धक्क्यावरील त्या कामाची या इतिहासात ठळक नोंद असायला हवी, कारण निसर्गातील लिंगबदलाचा पुरावा प्रथम अशाच रोजच्या मासळीतून गोळा झाला.

जिताड्याचे रहस्य १९७९ मध्ये पूर्णपणे मांडले गेले. आर. मूर यांनी पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर या माशाच्या हजारो नमुन्यांचा अभ्यास केला होता. लहान मासे जवळजवळ सगळे नर आणि मोठे जवळजवळ सगळे मादी, असे आढळले तर त्याचे दोन अर्थ लावता येतात: एकतर नर लवकर मरतात, नाहीतर नरच पुढे मादी होतात. मूर यांनी जननग्रंथींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा शुक्रजंतू सोडून रिकाम्या झालेल्या वृषणात अंडपेशी उगवताना सापडल्या आणि दुसरा अर्थ खरा ठरला. जिताड्याचा नर साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात प्रजननक्षम होतो, काही हंगाम नर म्हणून काढतो, आणि सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, लांबी ८० ते १०० सेंटिमीटरच्या घरात आली की, प्रजननाचा हंगाम आटोपल्यावर मादीत रूपांतरित होतो. थोड्या माद्या नर न होता थेट मादी म्हणून वाढलेल्याही मिळतात, पण त्या अपवादात्मक आहेत. असे आधी नर व मग मादी होणारे मासे एका वर्गात पडतात. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरचा हेकरू दुसऱ्या वर्गात पडतो, कारण तो मादी म्हणून वाढतो आणि उतारवयात नर होतो.

रायगडच्या खारेपाटात या जीवनक्रमाचा एक हिस्साच माणसाच्या नजरेस पडत आला आहे. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरलेली जिताड्याची पिले धरून ती शेताशेजारच्या तळ्यांत सोडायची, कोळंबी आणि बारीक मासळीवर ती पोसायची आणि दोन-तीन वर्षांनी काही किलोंचा मासा सणाला, पाहुण्याला किंवा जावयाच्या पंगतीला काढायचा, ही तिथली जुनी रीत. त्या तळ्यात जिताडा कधी पिले घालीत नाही, कारण त्याच्या अंड्यांना समुद्राच्या तोडीचे खारे पाणी लागते आणि त्यासाठी मासा नदी-खाडीच्या मुखाशी उतरतो. शिवाय मादी होण्याच्या वयाआधीच तो ताटात येतो. पेण-अलिबागकडच्या पंगतीतला जिताडा म्हणूनच बहुतांशी नर असतो. गोदावरीच्या मुखाशी असलेल्या जिताड्याला वर चढून यायला १८५२ मध्ये आर्थर कॉटन यांनी पूर्ण केलेला धवळेश्वरमचा बंधारा आडवा येतो; नाशिकपर्यंत मात्र तो कोणत्याही काळी पोहोचणे शक्य नव्हते, कारण समुद्राशी नाते तोडून त्याला पिढी चालवता येत नाही.

मासा लिंग का बदलतो, या प्रश्नाचे सैद्धांतिक उत्तर मायकेल गिसेलिन यांनी १९६९ मध्ये दिले. एखाद्या लिंगाला मोठ्या शरीराचा लाभ दुसऱ्यापेक्षा अधिक होत असेल, तर लहानपणी कमी लाभाचे लिंग आणि मोठेपणी अधिक लाभाचे लिंग धारण करणारा प्राणी जास्त संतती मागे ठेवतो. जिताड्याला हे तंतोतंत लागू पडते. लहान नराचे शुक्रजंतूही पुष्कळ अंडी फलित करू शकतात, पण अंड्यांची संख्या मादीच्या पोटाच्या आकारावर अवलंबून असते. दहा किलोंच्या आसपासची मादी लाखो अंडी देते, तर त्याहून बऱ्याच मोठ्या मादीत ती कोट्यवधी असतात. जिथे एकच दांडगा नर माद्यांचा समूह राखून ठेवतो तिथे गणित उलटे होते. डी. आर. रॉबर्टसन यांनी १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवरील ‘सफाई करणाऱ्या’ लहान माशांच्या टोळ्यांतून नर काढून घेतला, तेव्हा टोळीतील सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी गस्त घालू लागली आणि १४ ते १८ दिवसांत तिच्या शरीरातून शुक्रजंतू मिळू लागले. पाच वर्षांनी फ्रिके दांपत्याने समुद्रफुलांत राहणाऱ्या क्लाउनफिश माशात याच्या नेमके उलट घडते असे दाखवले: मादी गेली की तिचा जोडीदार नर मादी होतो आणि टोळीतला पुढचा मासा नराची जागा घेतो. येथे लिंगबदलाची आज्ञा वयाकडून किंवा लांबीकडून येत नाही, ती माशाच्या सामाजिक स्थानाकडून येते. डोळ्यांनी पाहिलेली शेजाऱ्याची गैरहजेरी जननग्रंथीपर्यंत कशी पोहोचते, हा त्यानंतरच्या संशोधनाचा मुख्य प्रश्न झाला.

त्याचे उत्तर संप्रेरकांच्या रसायनशास्त्रात दडले होते. १९६० मध्ये डी. आर. आयडलर आणि सहकाऱ्यांनी सामन माशाच्या रक्तातून ११-कीटोटेस्टोस्टेरॉन हे रसायन वेगळे काढले. बहुतेक माशांत खरे पुरुषसंप्रेरक तेच आहे असे पुढे ठरले. टेस्टोस्टेरॉन हा दोन्ही बाजूंना नेणारा कच्चा माल आहे. त्याच्यावर एका विकरांच्या साखळीने, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या साखळीने काम केले तर ११-कीटोटेस्टोस्टेरॉन बनते आणि जननग्रंथी वृषणाच्या दिशेने जाते. अरोमॅटेज नावाच्या विकराने काम केले तर त्याचेच एस्ट्रॅडिऑल हे स्त्रीसंप्रेरक होते आणि ग्रंथी अंडाशयाकडे वळते. जपानमध्ये योशिताका नागाहामा यांच्या प्रयोगशाळेने या सर्व पायऱ्या अनेक दशके तपासल्या. मादीतून नर होणाऱ्या माशांत अरोमॅटेजचे प्रमाण घसरते आणि स्त्रीसंप्रेरक आटते. नरातून मादी होणाऱ्यांत ते वर चढते. अरोमॅटेजला अडवणारे औषध दिले तर अनेक जातींच्या माद्या ठरलेल्या वेळेआधीच नर होतात. लिंगबदल म्हणजे नव्या अवयवाची उत्पत्ती नसून दोन शक्तींच्या तोलातील सरकणे आहे, हे यातून उघड झाले.

वर्तनाची बाब मात्र काहीशी स्वतंत्र निघाली. कॅरिबियन समुद्रातील निळ्या डोक्याच्या एका माशात मादीची जननग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकली तरी, टोळीतील नर नाहीसा झाल्यावर ती नराप्रमाणे वागू लागते, हे १९९६ मध्ये जॉन गॉडविन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. म्हणजे मेंदू जननग्रंथीच्या आज्ञेची वाट पाहत नाही. तो आधी बदलतो आणि ग्रंथी त्याच्या मागून येते.

दरम्यान गुणसूत्रांवरील मूळ कळीचा शोधही चालू होता. सस्तन प्राण्यांत नर घडवणारे जनुक १९९० मध्ये सापडले होते; माशांतील पहिले तसे जनुक त्यानंतर बारा वर्षांनी, २००२ मध्ये, पुन्हा यामामोतोंच्या त्या मेडाकातच सापडले, आणि ते सस्तन प्राण्यांच्या जनुकाहून अगदी वेगळे होते. नाईल नदीतल्या चिलापीत ही कळ तिसरीच निघाली. चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की तेथे ‘वाय’ गुणसूत्रावर असलेली, एका संप्रेरकाच्या जनुकाची किंचित बदललेली प्रत नर घडवते. शिवाय पिले फार कोवळी असताना पाण्याचे तापमान ३५-३६ अंशांपर्यंत चढले तर गुणसूत्रांनी मादी असलेली चिलापीही नर होऊ शकते. वरच्या पायरीवरची कळ जातीजातीत अशी बदलत असली, तरी खालच्या पायऱ्या सर्वत्र सारख्याच आढळल्या: अंडाशयाच्या बाजूने अरोमॅटेज आणि त्याला चालना देणारी जनुके, वृषणाच्या बाजूने त्यांना दाबून ठेवणारी जनुके, आणि दोन्ही पक्षांची सततची चढाओढ. हिकलिंगच्या संकराचे आणि जिताड्याच्या जीवनक्रमाचे कोडे एकाच मांडणीत बसवणारा हा निष्कर्ष या साऱ्या संशोधनातील सर्वांत मोलाचा मानावा लागेल.

जिताड्यात नर आणि मादी यांच्यात कोणताही गुणसूत्रांचा फरक नसतो. एकच मासा दोन्ही होतो, तेव्हा एकच जनुकसंच दोन रीतींनी वाचला जातो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील डोमिंगोस आणि सहकाऱ्यांनी नर व मादी जिताड्यांच्या जननग्रंथींतील डीएनए तपासले. जनुकांवर ठिकठिकाणी मिथिल नावाचे लहान रासायनिक गट चिकटलेले असतात, आणि ज्या जनुकाच्या सुरुवातीला ते दाट असतात ते बहुधा निद्रिस्त राहते. वृषण घडवणाऱ्या एका प्रमुख जनुकावर आणि अरोमॅटेजच्या जनुकावर या गटांची मांडणी नरात एक आणि मादीत दुसरी आढळली. पुढच्याच वर्षी एरिका टॉड आणि न्यूझीलंडमधील सहकाऱ्यांनी निळ्या डोक्याच्या माशात हाच बदल टप्प्याटप्प्याने टिपला: टोळीतील नर गेल्याचा ताण, ताणाच्या संप्रेरकात फरक, अरोमॅटेजची घसरण, मिथिल गटांची संपूर्ण फेरमांडणी, आणि आठ ते दहा दिवसांत अंडाशयाच्या जागी वृषण.

चिलापीची वाट आणि जिताड्याची वाट जिथे खऱ्या अर्थाने मिळतात ते काम त्याच दशकातले आहे. २०१३ मध्ये नागाहामा यांच्या गटातील भारतीय संशोधक बिंदू पॉल-प्रशांत आणि सहकाऱ्यांनी पूर्ण वाढलेल्या मादी मेडाका आणि चिलापी यांना अरोमॅटेज रोखणारे औषध दीर्घकाळ दिले. जन्मभर एकच लिंग राखणाऱ्या या माशांत, कोवळे वय केव्हाच उलटून गेलेले असताना, अंडाशयात वृषणाची ऊती उगवली आणि शुक्रजंतू तयार झाले. पुढच्या वर्षी चीनमधील गटानेही चिलापीत असाच निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला. यामामोतोंच्या काळापासून चालत आलेली कोवळ्या वयाची मर्यादा अशी ढासळली. मादीचे मादीपण एकदाच ठरून कायमचे राहत नाही. स्त्रीसंप्रेरकाचा पुरवठा अखंड चालू असतो म्हणून ते टिकते. जिताड्यात हा तोल आयुष्याच्या ठरावीक वळणावर आपोआप झुकतो आणि चिलापीत तो जन्मभर एका बाजूला धरून ठेवलेला असतो. दोघांत फरक आहे तो इतकाच, आणि तो क्षमतेचा नाही.

मत्स्यशेतीने या ज्ञानाचा उपयोग ते पुरते उलगडण्याआधीच सुरू केला होता. १९७० च्या दशकात चिलापीच्या नुकत्या पोहू लागलेल्या पिलांना किलोमागे सुमारे ६० मिलिग्रॅम कृत्रिम पुरुषसंप्रेरक मिसळलेले खाद्य तीन-चार आठवडे देण्याची रीत रूढ झाली. पिलावस्थेनंतर ते बंद केले जाते आणि मासा बाजारात येईपर्यंत काही महिने उलटतात, तरी उबवणी केंद्राचे सांडपाणी आणि ते खाद्य हाताळणारे कामगार यांची काळजी घ्यावीच लागते. यामामोतोंच्या तर्कावर बेतलेला दुसरा मार्ग अधिक निर्धोक आहे: संप्रेरकाने मादी बनवलेल्या नरांपासून दोन ‘वाय’ गुणसूत्रांचे नर मिळवायचे आणि त्यांची संतती संप्रेरकाविना जवळजवळ सर्व नर निपजवायची. वेल्समधील स्वान्सी विद्यापीठ आणि फिलिपाइन्समधील संशोधकांनी १९९० च्या दशकात तो सिद्ध केला. भारतात सुधारित नाईल चिलापीच्या शेतीला केंद्र सरकारने अटी घालून मुभा दिली आणि २०११ मध्ये विजयवाड्याजवळ तिचे बीजोत्पादन सुरू झाले. गोदावरीच्या खोऱ्यात आधीच फैलावलेल्या मोझांबिक जातीला मात्र यातले काहीच लागू होत नाही. ती ना नियंत्रित आहे, ना एकलिंगी.

जिताड्याच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये भारतात प्रथमच बंदिस्त टाक्यांत त्याचे प्रजनन घडवून आणले. टाकीत सांभाळलेल्या जनक माशांचे वय वाढत जाते तसे नर मादी होत जातात, आणि नरांची नवी भरती करत राहावी लागते.

खुल्या पाण्यातील मासेमारीत हाच जीवनक्रम अधिक गंभीर रूप घेतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आणि बारीक मासळीची लूट रोखण्यासाठी ते पाऊल आवश्यकच होते. किमान लांबीची मर्यादा सर्वसाधारण माशात एकदा तरी पिले देऊ शकेल अशा मासोळीला वाचवते. जिताडा किंवा रावस यांच्यासारख्या, आधी नर असणाऱ्या माशात मात्र ती प्रामुख्याने नरांनाच वाचवते, कारण मोठे मासे म्हणजेच माद्या आणि जाळ्याला, गिऱ्हाइकाला व लिलावाला हव्या असतात त्याही मोठ्याच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात जिताड्याला म्हणूनच दोन मर्यादा आहेत. ५८ सेंटिमीटरहून लहान मासा धरता येत नाही, आणि १२० सेंटिमीटरहून मोठा मासा जाळ्यात आला तर तो परत पाण्यात सोडावा लागतो.